बाळूचा बकाण

कडुनिंब कुठला आणि बकाण निंब कुठला, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी कळत नव्हतं. तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. सांगलीच्या गावभागात वाढलेल्या मुलीला झाडं ओळखता येत नाहीत म्हणून कुणी तिला फासावर देत नाही. पण मी त्या अज्ञानाच्या जोरावर अडतीस मुलांना फसवायला निघाले, आणि फसवलं अशा समजुतीत दीड वर्ष मान ताठ करून हिंडले. आज माझी नातवंडं रस्त्यातल्या कुठल्याही झाडाकडे बोट दाखवून "आजी, हे काय?" असं विचारतात आणि मी खाडकन नाव सांगते. माहीत नसलं तर आणखी खाडकन सांगते. तेव्हा हे लिहिताना पहिली इज्जत घरातच जाणार आहे, हे मला ठाऊक आहे. जाऊ दे. पंचाहत्तरीनंतर इज्जत ठेवून तरी काय करायचंय.

मी जिल्हा परिषदेची प्राथमिक शिक्षिका होते. सांगली जिल्ह्यात सुरुवात केली, लग्नानंतर साताऱ्यात आले, आणि जिथं गेले तिथं शाळेच्या आवारात झाडं लावली. लोक मला 'झाडाच्या बाई' म्हणायचे. यात कौतुक किती आणि वैताग किती, हे मी कधी मोजलं नाही. या उद्योगाची सुरुवात झाली ती आटपाडीपलीकडच्या एका वाडीत. नाव उंबरवाडी, आणि उंबर एकही नाही. असलाच तर दुष्काळात चुलीत गेला असणार. दुष्काळ नुकताच सरला होता. जनावरांना पाला म्हणून आणि माणसांना सरपण म्हणून वाडीतलं जे जे हिरवं होतं, ते ते तुटलं होतं. शाळा म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा, पुढं नुसता मुरमाचा माळ.

अशा ठिकाणी मी उतरले ती कडक इस्त्रीची व्हॉइलची साडी नेसून, हातात छत्री आणि डोळ्यांवर काळा चष्मा घालून. एसटीतून उतरल्यावर एक बाई दुसरीला म्हणाली, "डोळं आल्यात वाटतं." मला राग आला होता. आता वाटतं, निदान ती म्हणाली नाही की डोकं फिरलंय.

शाळेत आम्ही दोघंच. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी गुरुजींकडं. गुरुजी पन्नाशीचे, शांत, तळहातावर तंबाखू चोळत बोलणारे. माझ्या पहिल्या आठवड्यातच तीन मुलांचा घोळणा फुटला. वर्गात बसल्या बसल्या नाकातून रक्त. मी घाबरून आरडाओरडा केला. गुरुजींनी कोपऱ्यातून फोडलेला कांदा आणला, पोराच्या नाकाशी धरला, टाळूवर ओली माती थापली आणि म्हणाले, "बाई, पत्रा तापला की हे असं होतं. घाबरू नका. चालू द्या तुमचे पाढे."

पण मला त्या रक्तापेक्षा दुसऱ्याच गोष्टीनं अस्वस्थ केलं. मुलं खेळत नव्हती. मधल्या सुट्टीत घंटा झाली की बाहेर यायची आणि भिंतीला टेकून, भिंतीची जेवढी वीतभर सावली असेल तेवढ्यात पाय आखडून बसायची. आदलं सगळं वर्ष त्यांनी खडी फोडण्याच्या कामावर आईच्या शेजारी बसून काढलं होतं. त्यांना बसायची सवय लागली होती. सहा-सात वर्षांची पोरं, आणि म्हाताऱ्यांसारखी बसलेली. ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला बालमानसशास्त्राचा एक पेपर होता. त्यात मला चांगले गुण होते, पण या बसण्याबद्दल त्यात काही नव्हतं.

"गुरुजी, आपण झाडं लावू या," मी म्हटलं.

"लावा की. पण सावली काय पंचायत समितीत मिळत नाही."

सावली मिळत नव्हती, पण रोपं मिळत होती. मी तालुक्याला चार खेपा घातल्या आणि कडुनिंबाची अडतीस रोपं मिळवली. मुलंही अडतीसच. ती प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली रोपं एसटीच्या टपावरून आली तेव्हा कंडक्टरनं विचारलं, "बाई, लगीन हाय का कुनाचं?"

आता या धंद्यातल्या दोन गोष्टी सांगते. शाळेत झाड लावणं सोपं असतं. ते कुणीही लावतो, फोटो काढतो आणि जातो. झाड जगवायचं म्हणजे दोन शत्रूंशी सामना असतो, उन्हाळा आणि शेळी. उन्हाळ्यासाठी आम्ही रोपाशेजारी फुटकं मडकं पुरायचो. तळाला भोक पाडून त्यात चिंधीची वात घालायची. मडक्यात तांब्याभर पाणी ओतलं की ते दिवसभर थेंब थेंब मुळाशी झिरपतं. पाणी पिण्याचं आणायचं नाही, हा आमचा कायदा. घरी तोंड धुतलेलं, भांडी विसळलेलं, जे असेल ते प्रत्येकानं तांब्यातून आणायचं. शाळेत पाट्या धुतलेलं पाणीही मडक्यात. "खोडावर नको, मुळाशी. एकदम नको, थोडं थोडं," हे मी मुलांकडून कवितेसारखं पाठ करून घेतलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते फक्त मीच विसरले.

सगळीकडं सारखंच असतं असं नाही. पुढं पाटणकडच्या एका शाळेत होते, तिथं पाण्याला तोटा नव्हता. पावसात रोपं वाहून जाऊ नयेत म्हणून त्यांना काठीचा आधार द्यावा लागायचा. तिथल्या मुलांना कोयनेच्या भूकंपाची भीती होती. मोठा भूकंप ज्यांना आठवतही नव्हता, अशी पोरंसुद्धा लहानसा हादरा बसला की वर्गातून सुटायची आणि आवारातल्या फणसाला मिठी मारून उभी राहायची. फणस हलतोय का घर हलतंय, याचा हिशेब ती कुणाकडून शिकली नव्हती. तिथं मी फणसाभोवती गोल पार बांधून घेतला आणि हादऱ्यांच्या दिवसांत वर्ग त्यावरच भरवला. साहेबांनी शेरा मारला, 'इमारत असताना वर्ग बाहेर का?' मी लिहिलं, 'इमारत आहे म्हणूनच.' असो. ते पुढचं. उंबरवाडीत मी एवढी शहाणी नव्हते.

उंबरवाडीतला दुसरा शत्रू म्हणजे शेळी. खरं तर शत्रू शेळी नव्हती, तानाई होती. तानाईच्या पाच शेळ्या होत्या आणि शाळेचा माळ म्हणजे त्यांचं वडिलोपार्जित कुरण. आम्ही रोपांभोवती बोरीच्या काट्या रचल्या त्या दिवशी ती कंबरेवर हात ठेवून फाटकात येऊन उभी राहिली.

"बाई, तुमी झाडं लावा, मी न्हाई म्हनत न्हाई. पर माज्या शेळ्यांनी काय तुमच्या पाटीवरची अक्षरं खाल्ली व्हय?"

मी तिला सावलीचं महत्त्व समजावलं. चांगलं पाऊण तास. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ही सावली यील तवा मी म्हातारी नदीला पोचलेली असंन. शेळ्या आजच्या उपाशी हायत." आणि दुसऱ्या दिवशी तिची एक शेळी काट्यांवरून उडी मारून आत आली. तिसऱ्या दिवशी दोन. गुरुजी म्हणाले, "बाई, तुमचं भाषण शेळ्यांपर्यंत पोचलेलं दिसतंय."

तानाईची नात हौसा माझ्या वर्गात दुसरीत होती. आजी जेवढी बोलकी, तेवढी नात मुकी. जन्मापासून मुकी नव्हे. दुष्काळाच्या वर्षी, मार्गशीर्षात, खडीच्या कामावरच तिच्या धाकट्या भावाला जुलाब लागले आणि दोन दिवसांत तो गेला. बाळू त्याचं नाव. आई खडी फोडायची तेव्हा त्याला सांभाळायचं काम हौसाकडं होतं. तो गेल्यापासून ती बोलेनाशी झाली, असं गुरुजींनी मला सांगितलं. वर्गात ती रोज यायची, पाटीवर नीट लिहायची, हजेरीला नुसती मान हलवायची. मी बालमानसशास्त्रातले होते नव्हते ते सगळे उपाय तिच्यावर केले. गोळ्या दिल्या, गोष्टी सांगितल्या, मांडीवर घेऊन बसले. ती माझ्याकडं अशी बघायची, जणू हे उपाय माझ्यावरच चाललेत आणि ती ते सहन करतेय.

मग मला कल्पना सुचली, प्रत्येक झाडाला एकेका मुलाचं नाव द्यायची. नावाचं झाड असलं की मूल ते जपतं. गुरुजींनी डालड्याचे डबे कापून पट्ट्या केल्या. मी खिळा आणि हातोडी घेऊन त्यांवर नावं टोचायला बसले. मुलं रांगेत. हजेरीपट सोडला तर स्वतःचं नाव कुठं लिहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. पट्टी हातात आली की अक्षरांच्या भोकांवरून बोट फिरवत बसायची. ते बघून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते.

हौसाची पाळी आली. मी 'हौ' टोचायला खिळा ठेवला, तर तिनं माझं मनगट धरलं. कानाशी आली. इतका बारीक आवाज, की आधी मला कळलंच नाही.

"बाळूचं लिवा."

मी गुरुजींकडं पाहिलं. ते दुसरीकडं बघत तंबाखू चोळत होते. मी 'बाळू' टोचलं. दोनच अक्षरं. हौसानं ती पट्टी नेऊन फाटकाजवळच्या रोपाला बांधली आणि पुन्हा गप्प झाली. पण त्या दिवसापासून ती दोन तांबे आणायला लागली. सकाळी एक आणि दुपारी घरी जाऊन आणखी एक.

आता नेमकं तेच रोप खुरटं निघालं. बाकीची रोपं चार बोटं वाढली, ते तसंच. हौसा रोज त्याच्यापुढं उकिडवी बसायची आणि पानं मोजायची. सात होती. दुसऱ्या आठवड्यातही सातच. मला ते बघवेना. हे रोप उठलं पाहिजे, बस. मला वाटायचं, हे उठलं तर ती बोलेल. एका पोरीचा आवाज सात पानांना लटकलाय, असं काहीतरी मी धरून बसले होते.

नागपंचमीला मी कृष्णाकाठच्या मामांकडं गेले. मामांचा ऊस माणसाच्या वर गेलेला. मी विचारलं, "मामा, याला काय घालता?" मामा म्हणाले, "युरिया." मी विचारलं नाही किती, कधी, पाणी किती देता. कागदाच्या पुडीत मूठभर पांढरे दाणे बांधून घेतले आणि सोमवारी शाळेत आले. गुरुवारी मुलं घरी गेल्यावर ती अख्खी मूठ त्या वीतभर रोपाच्या मुळाशी घातली, वर तांब्याभर पाणी ओतलं आणि त्याला म्हटलं, "चल बाळू, आता पळायचं."

शनिवारी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं, ऊन लागलं. रविवारी सकाळी खोलीवरून सहज शाळेकडं गेले, तर ते जळून गेलं होतं. जळून म्हणजे अक्षरशः. सातही पानं काळी, खोड मऊ. खतानं रोप जळतं, हे वाडीतल्या शेंबड्या पोराला माहीत होतं. बालमानसशास्त्रात सत्तर टक्के मिळवलेल्या मला माहीत नव्हतं.

मी तिथंच मुरमात बसले आणि रडले. मग उठले. सोमवारी हौसा येणार होती. मेलेलं रोप मी मुळासकट उपटलं, आणि पुरावा राहू नये म्हणून कुंपणाच्या कडेला एक लहान खड्डा करून पुरून टाकलं, वर दगड ठेवला. मूळ जागेची पांढरे दाणे दिसणारी माती सगळी उकरून लांब टाकली. सबंध प्रकरणात एवढं एकच शहाणपण मी केलं, आणि तेही घाबरून. मग खुरपं घेऊन ओढ्याकाठी गेले. तिथं आपोआप उगवलेली काही रोपं होती. त्यातलं एक कडुनिंबाचं, साधारण तेवढ्याच उंचीचं, मातीच्या गड्ड्यासकट काढलं, आणून त्या जागी लावलं. बाळूची पट्टी बांधली. मागं सरकून पाहिलं. हुबेहूब. मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी हात धुवायलासुद्धा विसरले.

ते रोप कडुनिंबाचं नव्हतंच. बकाण निंबाचं होतं. कडुनिंबाच्या पानाला एकाच देठावर दोन्ही बाजूंनी पात्या असतात. बकाणाच्या देठाला पुन्हा देठ फुटतात आणि मग पात्या. आजच्या माझ्या नातवालाही एकदा दाखवलं की कळेल. तुम्ही म्हणाल, बाई, रोज समोर असून दीड वर्षात तुम्हाला दिसलं नाही? नाही दिसलं. मी पानं बघतच नव्हते. मी उंची बघत होते.

सोमवारी मी शाळेत गेले. घंटेआधीच मुलं आवारात होती. हौसा त्या रोपासमोर उभी होती, हातात तांब्या. तिनं मडक्यात पाणी ओतलं, तांब्या उपडा ठेवला आणि येऊन ओळीत बसली. कुणी काही बोललं नाही. एकानंसुद्धा नाही. मी मनात म्हटलं, लेकरं किती भोळी असतात.

आणि मग हौसा बोलायला लागली. त्याच आठवड्यात. मी पहिल्यांदा ऐकलं ते हे, की एका मुलीला ती माझ्याच सुरात दटावत होती: "खोडावर नगं वतू. मुळाशी वत. थोडं थोडं." मी दाराआड उभी राहून ऐकत होते. दिवाळीपर्यंत ती इतकी बोलायला लागली की मी तिला दोनदा कोपऱ्यात उभं केलं. बकाण झपाट्यानं वाढतो. कडुनिंब माझ्या कंबरेला लागायच्या आत बाळूचं झाड माझ्या डोक्यावर गेलं. मुलं त्याच्याभोवती लंगडी खेळायला लागली. भिंतीला टेकून बसणारं कुणी उरलं नाही. तानाईनं शेळ्या बांधून ठेवल्या आणि शाळेच्या बाजूला त्या पुन्हा कधी फिरकल्या नाहीत. मला वाटलं, माझं भाषण. उशिरा का होईना, लागू पडलं.

मी फुगले. दुसरा शब्द नाही. विस्तार अधिकारी तपासणीला आले तेव्हा मी त्यांना बाळूच्या झाडाखाली खुर्ची टाकून 'नामकरणातून निर्माण होणारी आपुलकी' हा विषय समजावला. त्यांनी विचारलं, "ही झाडं उंचीनुसार रांगेत का नाहीत? कवायतीत कशी, लहान पुढं, मोठी मागं." मी म्हटलं, "साहेब, लावली तेव्हा सगळी पहिलीतच होती." शेजारी गुरुजींना ठसका लागला. पुढं तालुक्याच्या शिक्षक सभेत मी या उपक्रमावर वीस मिनिटं भाषण ठोकलं. त्यात 'मूक बालिका', 'वृक्ष' आणि 'मातृहृदय' हे शब्द होते. ते आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

दीड वर्षानंतरचा पाडवा आला. पाडव्याला गुढीला कडुनिंबाचा डहाळा लागतो आणि गुळाबरोबर पाला खायचा असतो. दुष्काळानंतर वाडीत कडुनिंब उरले नव्हते; लोक दोन कोसांवरून डहाळे आणायचे. मी जाहीर केलं, या वर्षी उंबरवाडीच्या गुढीला शाळेचा पाला. झाडं लहान होती, म्हणून एकेका झाडाचे दोनच झुबके तोडायचे ठरलं. आदल्या दिवशी शाळा सुटताना वाडीतल्या बायका पाला न्यायला आवारात आल्या. तानाईही आली होती. मी म्हटलं, "पहिला मान सगळ्यात मोठ्या झाडाचा," आणि टाचा उंच करून बाळूच्या झाडाची एक झुबकेदार फांदी खाली ओढली.

अडतीसच्या अडतीस मुलं गप्प झाली. ज्यांना आयुष्यात कधी गप्प करता आलं नव्हतं, तीसुद्धा. गुरुजींनी तंबाखू चोळायची थांबवली. मी पाला तोडून गुळासारखं गोड हसत तानाईपुढं धरला. तानाईनं पाल्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पदर तोंडाला लावून खाली बसली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, नातवाच्या आठवणीनं रडतेय. ती हसत होती.

"आवं बाई," श्वास सापडल्यावर ती म्हणाली, "त्याचा पाला न्हाई चालत गुढीला. त्यो बकाण हाय."

"बकाण?"

"बकाण निंब. कडुनिंब न्हवं. शेळीबी त्वांड लावंना त्याला."

मी फांदी सोडली. ती वर गेली आणि पानं थरथरली. तेव्हा मी पहिल्यांदा ती पानं पाहिली. मग शेजारच्या कडुनिंबाची पाहिली.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला काय ईचारता. समद्या वाडीला ठावं हाय."

मी गुरुजींकडं वळले. "गुरुजी, तुम्हालाही?"

"त्या सोमवारीच," गुरुजी म्हणाले. "तुम्ही यायच्या आधी मुलं झाडाभोवती जमली होती. ह्यो त्यो न्हवं, ह्यो बकाण हाय, बाईला सांगू या, असा गलका. मी ओसरीवर होतो. हौसा पुढं आली आणि म्हणाली, 'गप बसा समदी. बाईला कोनी काय बोलायचं न्हाई.' बाई, आठ महिन्यांनी त्या पोरीचा आवाज ऐकला मी. हातातली तंबाखू सांडली."

"मग मला सांगायचं नाही?"

"नोकरीत वरिष्ठांची आज्ञा मोडता येत नाही. या शाळेत वरिष्ठ तीच."

बायका हसल्या. मीही हसले असेन. तानाई उठली, माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेऊन गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "त्या आयतवारी पोर शेळ्या घिऊन हितंच माळाला हुती. घरी आली आन् म्हनली, आजे, बाई रडत्यात. आठ म्हयन्यांनी बोलली, ते एवढंच. मी शेळ्या बांधल्या त्या त्या दिशी."

"माझं भाषण ऐकून नाही बांधल्या?"

"कंचं भाशन?" तानाई म्हणाली. मग थोडं थांबून, "त्यो बकाण तुमी वढ्याकडनं आनला. बाळूला तितंच पुरलाय आमी. पोर म्हनली, त्यो तिकडचाच हाय, ऱ्हाऊ द्या."

लहान मुलाला आपल्याकडं जाळत नाहीत, पुरतात. वाडीची ती जागा ओढ्याकाठी होती. मी तिथूनच खुरप्यानं रोप काढून आणलं होतं, आणि मला काहीच ठाऊक नव्हतं.

बायका पाला घेऊन गेल्या. मुलं पांगली. गुरुजी कुलूप शोधण्याच्या निमित्तानं आत गेले. हौसा तेवढी मागं राहिली, दुपारच्या तांब्यातलं उरलेलं पाणी मडक्यात ओतत. तिसरीत होती, गुरुजींच्या वर्गात, पण झाड सोडलं नव्हतं. मी तिच्यासमोर बसले, तशीच मुरमात. दीड वर्षापूर्वी बसले होते त्याच जागी. तिला म्हटलं, तुझ्या बाळूचं रोप माझ्या हातून मेलं. खत जास्त पडलं. मी तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, वर दुसरं आणून लावलं आणि तुला फसवलं. माझं चुकलं.

तिनं शेवटचा थेंब मडक्यात झटकला. तांब्या उपडा ठेवला.

मी विचारलं, "तुला तर लगेच कळलं होतं. मग पोरांना गप्प का केलंस? माझ्यावर रागावली नाहीस?"

हौसानं माझ्याकडं नीट पाहिलं, जसं ती पूर्वी पाहायची, आणि म्हणाली, "बाई, तुमी त्याला खड्डा करून पुरत हुता, वर दगुड ठिवला, आन् रडत हुता. मला वाटलं, तुमचाबी बाळू गेला."